मालवाहतूक आणि रस्ता (लेखांक 7) : लाकूड घनमीटरमध्ये, ट्रक टनांमध्ये

मागच्या लेखात आपण उसाच्या ट्रॉल्यांचे नियम पाहिले. या वेळी लाकडाचे ट्रक. आलापल्लीच्या जंगलातला साग बल्लारशाहच्या आगारात येतो आणि तिथून लिलावाने देशभर जातो. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी 2023 मध्ये सागवान गेले तेही तिथूनच. कोकणातून घाट चढून जाणारे जळाऊ लाकूड आणि कागद गिरण्यांकडे निघालेली निलगिरी-सुबाभूळ वेगळीच. माल कोणताही असो, त्याचा स्वभाव एकच: ओंडका गोल आणि जड असतो, आणि एकदा सुटला की कुठे थांबेल ते कोणाच्या हाती राहत नाही.

भारतीय वन अधिनियम 1927 च्या कलम 41 ने वनोपजाच्या वाहतुकीवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार राज्यांना दिला. त्यातूनच वाहतूक परवाना आला, ज्याला रस्त्यावर सगळे ‘टीपी’ म्हणतात. ओंडक्यावर हातोड्याचा शिक्का, कागदावर जात, नग, लांबी, गोलाई आणि घनमीटर. डिसेंबर 2023 पासून देशभरासाठी ऑनलाइन परवान्याची सोयही झाली आहे. तपासणी नाक्यावर हा कागद आणि माल ताडून पाहतात, आणि ते योग्यच आहे, कारण सागाची चोरी हा खरा प्रश्न आहे. पण हे सगळे लाकूड वाचवण्यासाठी आहे. त्याच ट्रकचे दोर सैल आहेत का, मागून काही बाहेर आले आहे का, हे पाहणे त्या कामात मोडत नाही. लाकडाला आपण जितके जपतो तितके ट्रकमागून येणाऱ्या माणसाला जपत नाही, असे मला वाटते आणि ते मला मनापासून खटकते.

परवान्यावर घनमीटर लिहिलेले असतात, मोटार वाहन कायदा मात्र टनांत मोजतो. अपघाताचे एक मूळ इथेच आहे. वाळलेला साग घनमीटरला साधारण साडेसहाशे ते सातशे किलो भरतो. ताज्या तोडीच्या लाकडात पाणी असते, आणि तेच माप टनाच्या आसपास जाऊ शकते. म्हणजे दहा घनमीटरच्या एकाच आकड्यात तीन टनांचा फरक लपलेला असतो. सहा चाकी ट्रकचे एकूण वजन, गाडी आणि माल धरून, 2018 च्या सुधारणेनंतर 18.5 टनांपर्यंत चालते. आधी ते 16.2 टन होते. ओल्या मालाची गाडी ‘डोळ्यांनी भरली’ की ही मर्यादा ओलांडली जाते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. कायद्यात दंड 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 असा आहे, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च गाडीवाल्याचा. त्याहून मोठी किंमत उताराला मोजावी लागते, तापलेले ब्रेक दाद देईनासे होतात तेव्हा. म्हणून आगारातून निघताना वजनकाटा चुकवू नये, विशेषतः पावसाळ्यात.

आता मागच्या बाजूकडे येऊ. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 93 सांगतो की माल हौद्याच्या बाजूंनी, पुढून किंवा मागून बाहेर येता कामा नये. पूर्वी मागे एक मीटरपर्यंत मुभा होती, ती काढून टाकली आहे. 2019 च्या दुरुस्तीने अशा मालासाठी 20,000 रुपये दंड ठेवला आणि माल नीट लावल्याशिवाय गाडी हलवायची नाही अशी अट घातली. तरीही बल्ल्या फाळक्याबाहेर काढून टोकाला लाल फडके बांधले की काम झाले, हा समज पक्का आहे. लाल फडक्याने बाहेर आलेला माल कायदेशीर होत नाही. आणि धोका कसा आहे तो समजून घ्या. ट्रकच्या मागे खाली एक आडवा लोखंडी बार असतो, मागून आदळणारी मोटार ट्रकखाली घुसू नये म्हणून. मोटारीचा पुढचा भाग त्या बारावर आदळून दबतो आणि आतली माणसे वाचण्याची शक्यता वाढते. पण हौदा बॉनेटहून उंच असतो. त्यातून मीटरभर बाहेर आलेला ओंडका बार लागण्याच्या कितीतरी आधी थेट समोरच्या काचेला भिडतो. रात्री तर त्याचे टोक दिसतच नाही: मागचे दिवे हौद्याखाली, लाल परावर्तक पट्टी फाळक्यावर, आणि लाकूड त्या दोन्हींच्या अलीकडे, अंधारात. मागून येणारा दिव्यांवरून अंतर जोखतो आणि तिथेच फसतो.

बांधणीबद्दल आपल्याकडचे नियम मोघम आहेत. अमेरिकेत ओंडक्यांच्या बांधणीचे स्वतंत्र नियम आहेत आणि त्यांतली एक अट आपल्या प्रत्येक आगारात रंगवून लावावी अशी आहे: कडेच्या सर्वांत वरच्या ओंडक्याचा मध्य उभ्या खुंटाच्या टोकाच्या खाली असला पाहिजे. मध्य वर गेला की खुंट असून नसल्यासारखा, पहिल्याच खड्ड्याला ओंडका त्यावरून गडगडतो. थर मधे उंच आणि कडेला उतरते ठेवले की दोर सगळ्या ओंडक्यांना दाबून धरतो. मधे खोलगट राहिले तर तो नुसता हवेत ताणलेला राहतो.

आणि दोर एकदा ताणला म्हणजे झाले असे नसते. वाटेत हादऱ्यांनी ओंडके एकमेकांत बसतात, साल घासून निघते, नायलॉनचा दोर लांबतो. निघाल्यावर पहिल्या 50 मैलांच्या आत, म्हणजे साधारण 80 किलोमीटरच्या आत, थांबून बांधणी पाहा, असे अमेरिकेतला नियम सांगतो. आपल्या रस्त्यांवर मी त्याच्या निम्म्यावरच थांबायला सांगेन. युरोपातल्या मानकात जोरदार ब्रेकच्या वेळी मालाच्या वजनाच्या आठ दशांश इतका जोर पुढे धरतात. दहा टन ओंडके असतील तर आठ टनांचा जोर चालकाच्या पाठीमागच्या भिंतीवर. पुढे भक्कम आडोसा नसेल तर लाकूड केबिनमध्ये शिरते.

राहिला माल उतरवण्याचा भाग, ज्यात हमालांचे जीव जातात आणि ज्याची नोंद रस्ता अपघातात होत नाही. ट्रक सपाट जागी लावावा, चाकांना अडण द्यावी, आणि दोर सोडण्याआधी दोन्ही बाजूंनी फिरून कोणता ओंडका खुंटावर रेलला आहे ते पाहावे. प्रवासात थर सरकलेला असतो आणि केवळ दोरामुळे तो थांबलेला असतो. म्हणून दोर भार रेललेल्या बाजूच्या विरुद्ध बाजूने सोडायचा, आणि त्या वेळी गडगडण्याच्या बाजूला एकही माणूस उभा ठेवायचा नाही, चहाचा ग्लास घेऊन आलेला पोरगासुद्धा.