खर्जाची किंमत

पर्युषण पर्वात जन्मवाचनाच्या दिवशी रात्री भक्ति-भावनेचा कार्यक्रम करण्याची आमच्या संघाची जुनी प्रथा आहे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून संघाच्या हिशेबाचे काम माझ्याकडे आले. काही वर्षांपूर्वी या कार्यक्रमाचे अंदाजपत्रक माझ्यासमोर होते. गायक, कीबोर्ड, तबला, ढोलक, ऑक्टोपॅड, ध्वनिव्यवस्था अशा नोंदींच्या अगदी तळाशी एक ओळ होती : बास गिटार, अडीच हजार रुपये. त्या वर्षी साधारण खात्यात तूट होती. देवद्रव्याला हात लावता येत नाही आणि जीवदयेची रक्कम वळवता येत नाही, हे वाचकांना सांगायला नको. कोठेतरी कपात करणे भाग होते. मी लाल पेन उचलले आणि ती तळाची ओळ कापली. कोणीतरी शंका काढली, तेव्हा मी म्हणालो, “कीबोर्डवाला डाव्या हाताने तेवढे करून घेईल.”

माझी आई त्या वेळी ८७ वर्षांची होती. तिला स्तवनाचे शब्द कळेनासे होऊन बरीच वर्षे झाली होती. तरी जन्मवाचनाच्या भावनेला ती न चुकता येई, उपाश्रयाच्या सभागृहातील उजवीकडच्या खांबाला टेकून बसे आणि डोळे मिटून गुडघ्यावर तळहाताने ठेका धरी. त्या रात्री तिचा हात गुडघ्यावर नुसताच पडून होता. घरी येताना ती एवढेच म्हणाली, “आज काही वाजलंच नाही रे.”

मी हसण्यावारी नेले. सभागृह तर दणाणले होते. पुढे तिला कानाच्या डॉक्टरांकडे नेले, तेव्हा उलगडा झाला. वार्धक्यात श्रवणशक्ती कमी होते ती आधी उंच कंपनसंख्येच्या बाजूने. स, श, त यांसारखी व्यंजने त्या उंच भागात येतात, म्हणून म्हाताऱ्या माणसाला आवाज येतो पण शब्द लागत नाहीत. खालचे स्वर मात्र पुष्कळ काळ शाबूत राहतात. म्हणजे आईपर्यंत जे संगीत पोहोचत होते, त्यातील मोठा वाटा त्या तळाच्या ओळीचा होता. पुढच्या पर्युषणापर्यंत ती राहिली नाही.

क्षमापना

संवत्सरीनंतर आपण आप्तेष्टांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो. ते बहुधा अशा माणसांना म्हणतो, ज्यांचे आपण फारसे काही बिघडवलेले नसते. आई गेल्यानंतरच्या वर्षी मी प्रथमच अशा एका माणसाच्या दारात गेलो, ज्याचे मी खरोखर काही हिरावून घेतले होते. हे गृहस्थ चाळिशीचे आहेत, जैन नाहीत. वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवीत. हे गेली वीस वर्षे बास गिटार वाजवून घर चालवतात : गणेशोत्सव, नवरात्र, लग्नाचे संगीत, आमच्यासारख्यांच्या भक्तिसंध्या, आणि मार्गशीर्षात सारंगखेड्याची यात्रा आली की त्या बाजूचे एखादे काम. त्यांच्या इच्छेवरून येथे नाव देत नाही.

मी झालेली गोष्ट सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “साहेब, पैशांचं मला वाईट वाटलं नव्हतं. आमच्या धंद्यात काम रद्द होतच असतं. पण कीबोर्डवाला डाव्या हातानं करून घेईल असं तुम्ही म्हणालात, ते माझ्या कानावर आलं. ते लागलं.”

मी विचारले, “मग फरक काय असतो, ते मला समजावून सांगा.”

त्यांनी सांगितले ते असे. कीबोर्डवादकाचा डावा हात आधीच गुंतलेला असतो आणि कळ दाबली की येणारा सूर एकाच ठशाचा असतो. तारेचा सूर बोटाने जन्मतो आणि बोटानेच थांबवावा लागतो. तो केव्हा सुरू करायचा यापेक्षा केव्हा थांबवायचा, यावर गाण्याची चाल ठरते. “ढोलकच्या थापेला ठाम सूर नसतो आणि पेटीच्या सुराला थाप नसते. त्या दोघांच्या मधे मी उभा असतो,” असे ते म्हणाले. वीस वर्षांच्या अनुभवाचे सार त्यांनी दोन वाक्यांत माझ्या हाती ठेवले होते.

पिशवीतले सामान

मग त्यांनी आपले सामान दाखवले. गिटार सुरतेहून घेतलेली, जुनी, चार तारांची. वजन चार किलोंच्या आसपास. तीन तास उभे राहून वाजवताना हे वजन एका खांद्यावर येते, म्हणून पट्टा रुंद हवा. पूर्वी चामड्याचा होता. देरासराच्या आवारात वाजवू लागल्यावर त्यांनी तो आपणहून काढला आणि निवारीचा शिवून घेतला. आम्ही कोणी त्यांना तसे सांगितले नव्हते.

तारांचे दोन प्रकार त्यांनी दाखवले. एकीत पोलादी गाभ्याभोवती गोल तार गुंडाळलेली असते. तिचा आवाज झगझगीत असतो, पण बोट सरकले की करकर ऐकू येते. दुसरीत चपटी पट्टी गुंडाळलेली असते. तिचा सूर मऊ आणि गोलसर असतो. दुसरा संच महाग पडतो, पण वर्षानुवर्षे टिकतो. स्तवनासाठी ते चपट्या तारांनाच पसंती देतात. चातुर्मासातील दमट हवेत लाकूड ओलावा धरते, गिटारची मान किंचित वाकते आणि तारा पट्टीपासून वर उचलल्या जातात. मानेच्या आत एक पोलादी सळई असते. ती एलन कीने थोडी फिरवून मान पुन्हा सरळ करावी लागते. उन्हाळ्यात आपल्या भागातील उन्हात तारा तापून सैल पडतात आणि सूर उतरतो, म्हणून मंचावर जाऊन काही वेळ थांबल्याखेरीज ते सूर लावीत नाहीत.

चार तारांची एक मर्यादाही त्यांनी सांगितली. सर्वांत खालची तार पांढरी तीनला लावलेली असते. गायकाची पट्टी पांढरी दोन किंवा काळी दोन असली, तर त्याचा अगदी खालचा षड्ज या वाद्यात मिळतच नाही. एक सप्तक वर जावे लागते आणि भरीवपणा कमी होतो. पाच तारांची गिटार असली म्हणजे ही अडचण सुटते. “घ्यायची आहे, पण घाई नाही. तोवर गायकाला आधीच पट्टी विचारून ठेवतो,” असे ते म्हणाले. कर्ज काढून महागडे वाद्य घेणारे आणि नंतर हप्त्यांसाठी वाटेल ते काम स्वीकारणारे कलावंत मी बँकेत पाहिले आहेत. हा विवेक मला मोलाचा वाटला.

पिशवीच्या वरच्या कप्प्यात मात्र संगीताशी संबंध नसलेली एक वस्तू होती : विजेचा टेस्टर. गिटारच्या तारा धातूच्या असतात आणि वायरीवाटे त्या ध्वनियंत्रणेच्या अर्थिंगशी जोडलेल्या असतात. मंडपातील अर्थिंग सदोष असेल, तर बोटे तारेवर आणि ओठ माइकला लागताच झटका बसतो. पावसात जमीन ओली असली की धोका वाढतो. त्यांनी दोनदा असा झटका खाल्ला आहे. तपासणी झाल्याशिवाय ते वायर जोडत नाहीत. त्यापायी ‘फार नखरे आहेत’ असे शब्दही त्यांनी ऐकले आहेत.

स्वतःचा अँप्लिफायर त्यांच्याकडे आहे, पण एसटीने जाताना तो नेणे परवडत नाही. मग गिटारची वायर एका लहान डीआय बॉक्समध्ये जाते आणि तेथून थेट ध्वनिसंयोजकाच्या टेबलापर्यंत. “म्हणजे माझा आवाज माझ्या हातात नसतो. म्हणून कार्यक्रमाच्या ठिकाणी पोहोचलो की मी आधी साउंडवाल्याला गाठतो, त्याला नावाने हाक मारतो, त्याच्याबरोबर चहा घेतो.”

सर्वांत खालच्या तारेची कंपने सेकंदाला सुमारे ४१. हवेत त्या लहरीची लांबी आठ मीटरांहून अधिक भरते. एवढी लांब लहर फरशीच्या मंगल कार्यालयात भिंतींशी आणि कोपऱ्यांत साचते, तर उघड्या मंडपात पसरून विरून जाते. म्हणून तपासणीच्या वेळी ते मंचावरून उतरून सभागृहाच्या चार कोपऱ्यांत फिरून येतात. “शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्या माणसांना त्रास होतो का, ते पाहतो.” माझी आई बसायची तो खांब त्यांना ठाऊक होता.

नाव नसलेले वादक

हे वाद्य फार जुने नाही. त्यापूर्वी खालच्या स्वरांसाठी माणसाच्या उंचीचे कॉन्ट्राबास हे वाद्य वापरीत. ते वाहून नेणे अवघड आणि मोठ्या वाद्यवृंदात त्याचा आवाज दबून जाई. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये खांद्याला अडकवता येईल अशी विजेवरची बास गिटार बाजारात आणली. तिच्या मानेवर पडदे होते, त्यामुळे सूर अचूक लागे. म्हणून तिचे नाव ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूकता, असे ठेवण्यात आले. मुंबईच्या चित्रपटसंगीतात हे वाद्य रुजले त्यात राहुलदेव बर्मन यांच्या वादकवृंदातील टोनी वाझ आणि चरणजित सिंग यांचा वाटा मोठा आहे. त्यांनी वाजवलेली गाणी आपल्या पिढीला तोंडपाठ आहेत, पण त्या काळी तबकडीवर वादकांची नावे सहसा छापत नसत. गायक, संगीतकार, गीतकार आपल्याला ठाऊक असतात. खालचा सूर कोणी धरला, हे आपण कधी विचारले नाही.

वाद्य परदेशी असले, तरी त्याचे काम आपल्याला परके नाही. तानपुऱ्याची शेवटची तार खर्जाची असते. तबल्याच्या जोडीत डग्गा असतो. अन्नपूर्णादेवींनी जे सूरबहार वाजवले, ते खर्जातील गंभीर आलापीचेच वाद्य. आपल्या जिल्ह्यात अक्कलकुवा तालुक्यातील काठीच्या होळीला सातपुड्यातील बांधव भले मोठे ढोल घेऊन येतात. रात्रभर चालणारे नृत्य त्या ढोलांच्या गंभीर नादावर उभे असते. जैन परंपरेनेही स्वरविचाराकडे पाठ फिरवलेली नाही. स्थानांगसूत्रात सात स्वरांचे विवेचन आहे, आणि वाचनाचार्य सुधाकलश यांनी १३५० मध्ये ‘संगीतोपनिषत्सारोद्धार’ हा संगीतशास्त्रावरील ग्रंथ रचला. आपल्या संगीतशास्त्राने तार स्वराचे स्थान मस्तक, मध्याचे कंठ आणि मंद्राचे हृदय असे सांगितले आहे. आईच्या बाबतीत हे मला अक्षरशः खरे वाटते.

खर्ज आणि धडधड

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. खर्ज म्हणताच अनेकांना मिरवणुकीतील डीजेची, काचा हादरवणारी धडधड आठवते. मी तोच प्रश्न त्यांना विचारला. ते म्हणाले, “ती धडधड मला सहन होत नाही. मी स्वतः कानात बोळे घालून त्या रस्त्याने जातो. खालचा सूर कानाला मुळात कमी ऐकू येतो, म्हणून त्याला मोठे स्पीकर आणि जास्त ताकद लागते. ती ताकद हातात आली की काहींना थांबता येत नाही.”

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. काही सणांच्या दिवशी सरकार सवलत देते, ती गोष्ट वेगळी. परंतु अहिंसेला परम धर्म मानणाऱ्या समाजाने कायद्याची वाट का पाहावी? आपल्या वरघोड्यात, तपस्वींच्या मिरवणुकीत शेजारच्या घरातील आजारी माणसाची, तान्ह्या बाळाची, गोठ्यातल्या गुरांची छाती धडधडत असेल, तर त्या अनुमोदनेचे पुण्य कोणाच्या खात्यात जमा होणार? ज्या आवाजात सर्वांना आधार मिळतो तो खर्ज, आणि ज्यापासून सर्वांना पळावेसे वाटते ती धडधड. दोन्ही एकाच स्पीकरमधून निघतात. फरक वाजवणाऱ्याच्या आणि वाजवून घेणाऱ्याच्या संयमाचा असतो.

संघांच्या कार्यकर्त्यांना विनंती

त्या भेटीनंतर आमच्या संघाने काही गोष्टी ठरवल्या. इतर संघांना उपयोगी पडाव्यात म्हणून येथे देतो. मंडप उभा राहिला की गायक येण्यापूर्वी जाणकार वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. वादकांना ध्वनिचाचणीसाठी किमान एक तास द्यावा, त्या वेळात सत्काराची भाषणे आटोपू नयेत. ज्येष्ठांची बैठक स्पीकरसमोर किंवा कोपऱ्यात ठेवू नये. कार्यक्रम दहापूर्वी संपवावा. वादकांचे मानधन त्याच रात्री, पाकिटात घालून, नाव घेऊन द्यावे. आणि कपात करायचीच असेल, तर आधी हारतुरे, फलक आणि रोषणाईच्या नोंदींकडे पाहावे.

ताळेबंदात राखीव निधीची ओळ सर्वांत निरुपद्रवी दिसते. ती नसली म्हणजे काय होते, हे बँकेत नोकरी केलेल्याला समजावून सांगावे लागत नाही. तरी मला ते उपाश्रयात समजले नाही.

आता दरवर्षी ते येतात. गेल्या जन्मवाचनाच्या रात्री मी उजवीकडच्या खांबाजवळ बसलो होतो. माझेही वय आता सत्तरीकडे झुकले आहे आणि गर्दीत काही शब्द निसटू लागले आहेत. स्तवन सुरू झाले, आणि थोड्या वेळाने माझ्या लक्षात आले की माझा तळहात गुडघ्यावर ठेका धरतो आहे.