चार भोकांची गोष्ट

बत्तीस वर्षे मी बँकेत काढली. त्यांतली निम्मी कर्जखात्यात गेली. "इथे सही, इथे सही, आणि इथे पूर्ण सही," हे वाक्य मी किती माणसांना ऐकवले असेल याचा हिशेब नाही. समोरच्याने कागद वाचायला घेतला की मागची रांग चुळबुळू लागे, आणि खोटे कशाला बोलू, मीही चुळबुळत असे. त्याची फेड मला २०२० साली करावी लागली. कोथरूडच्या पलीकडे आम्ही फ्लॅट घेतला, तेव्हा एक्क्याऐंशी पानी करारनाम्याच्या प्रत्येक पानावर मी सही केली आणि एकही पान वाचले नाही. टेबलावर पेढे होते. सौ. म्हणालीसुद्धा, "अहो, एवढे बारीक लिहिलेय तरी काय?" मी अनुभवी माणसाच्या आवाजात म्हणालो, "स्टँडर्ड फॉर्म असतो."

२०२२ च्या अक्षय्यतृतीयेला ताबा मिळाला. आई तेव्हा चौऱ्याऐंशीची. तिचा जन्म वाड्यातल्या खडबडीत शहाबादी फरशीवर गेलेला. नव्या बाथरूमच्या गुळगुळीत टाइल्सवर पहिल्याच आठवड्यात तिचा पाय सरकला. खांद्यावर निभावले. त्याच संध्याकाळी मी स्टीलचा एक दांडा आणला आणि प्लंबरने चार भोके पाडून तो भिंतीला बसवला. दुसऱ्या दिवशी दांडा धरून बाहेर येताना आई म्हणाली, "एस.टी.त उभी असल्यासारखे वाटते रे!" आमच्या दृष्टीने विषय संपला.

२०२४ च्या आषाढात बाथरूमला लागून असलेल्या आईच्या खोलीतल्या भिंतीला खाली ओल दिसली. प्रथम वाटले, पाऊस. पण ती भिंत आतली. तिला पावसाचा स्पर्श नाही. पंधरा दिवसांत रंगाला फोड आले, कपाटाचे प्लायवूड फुगले, आणि सौ.च्या लग्नातल्या शालूला कुबट वास येऊ लागला. बिल्डरच्या कचेरीत कळवले. एक तरुण इंजिनियर आला. फार नम्र मुलगा. त्याने ओल अर्धा मिनिट पाहिली आणि दांडा पाच मिनिटे. मोबाइलवर फोटोही काढले, ते दांड्याचेच.

आठ दिवसांनी पत्र आले. आपण लेखी परवानगीवाचून टॉयलेटच्या टाइल्सना छेद दिला आहे; सबब करारातील दोषदायित्व आपोआप संपुष्टात आले आहे. खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांच्या छताला डाग पडला होता. त्यांनाही उत्तर मिळाले होते, की वरच्यांनी भोके पाडली आहेत. त्या दिवसापासून ते लिफ्टमध्ये माझ्याशी बोलेनासे झाले. ओलीपेक्षा मला तेच जास्त लागले.

त्या रात्री मी करारनामा वाचला. सत्तेचाळिसाव्या पानावर आमचे सगळे भविष्य लिहिलेले होते. वर मोठ्या मनाने म्हटले होते, की पाच वर्षांत दोष आढळल्यास प्रवर्तक दुरुस्त करून देईल. (कागदावर बिल्डरला प्रवर्तक म्हणतात.) मग 'परंतु' सुरू झाला. दोष म्हणजे केवळ प्रवर्तकाच्या हेतुपुरस्सर दुर्लक्षाने झालेला दोष. टाइल, नळ, भिंत यांत परवानगीवाचून काहीही बदल केल्यास सारे रद्द. ज्या वस्तूला उत्पादकाची हमी एक वर्षाची, तिला आमचीही तेवढीच. सोसायटीने पंप-लिफ्टचे देखभाल करार चालू ठेवले नाहीत, तर तेही गेले. आणि तापमानात वीस अंशांहून जास्त फरक पडल्यामुळे भिंतींना बारीक तडे गेल्यास तो दोष नव्हे. पुण्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये पहाट आणि दुपार यांत तेवढा फरक कधीकधी सहज पडतो. म्हणजे हवामानही बिल्डरच्या बाजूने सही करून गेले होते!

बिल्डरची बाजू अगदीच खोटी नाही. ताबा मिळताच भिंती पाडून, मोरी हलवून, मग "गळते हो!" म्हणून ओरडणारे लोक मी आमच्याच इमारतीत पाहिले आहेत. आपण मोडले ते आपण भरावे. पण दांड्याने गळती झाली, हे कोणी दाखवले होते? इथे प्रश्न दांड्याने काय केले हा नव्हताच. दांडा आहे की नाही, एवढाच होता.

वकील झालेल्या भाच्याने कायदा समजावला. पूर्वी १९६३ चा महाराष्ट्राचा फ्लॅटमालकीचा कायदा, ज्याला मोफा म्हणतात, तो तीन वर्षांपर्यंतच्या दोषांची जबाबदारी बिल्डरवर टाकी. मग २०१६ चा रेरा आला. त्याच्या कलम १४ च्या तिसऱ्या पोटकलमात म्हटले आहे, की ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामाचा, कारागिरीचा, मालाच्या दर्जाचा किंवा सेवांचा दोष नजरेस आणून दिला, तर प्रवर्तकाने तो तीस दिवसांत, जादा पैसे न घेता दूर करावा. न केल्यास भरपाई. 'हेतुपुरस्सर दुर्लक्ष' हे शब्द त्यात नाहीत. वीस अंशही नाहीत. एकतर्फी करारांना सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली एका गुडगावच्या प्रकरणात अनुचित व्यापारी प्रथा ठरवले आहे. आणि दोषदायित्वाच्या कलमात बिल्डरने फेरफार करू नये, असे महारेराने २०२२ च्या डिसेंबरात बजावले. आमची सही त्याच्या आधीची.

"पण मामा," भाचा म्हणाला, "कायदा आहे म्हणून ओल वाळत नाही. दोष त्यांचा, हे आधी दाखवा."

शेजारच्या इमारतीत सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक इंजिनियर राहतात. त्यांनी तीन दिवस बाथरूम बंद ठेवायला लावली. ओलीची कड थोडी सुकली. तिथे पेन्सिलीने रेघ मारली. मग जमिनीच्या जाळीत चिंध्यांचा बोळा कोंबून दोन इंच पाणी साठवले, आणि शेजारी पाण्याची बादली ठेवली. अठ्ठेचाळीस तासांनी बादलीतले पाणी होते तेवढेच, जमिनीवरचे निम्मे, आणि ओल पेन्सिलीच्या रेघेपुढे चार बोटे. दांडा समोरच्या भिंतीवर, छातीच्या उंचीला. "पाणी जिना चढून त्या भोकांत गेले असेल, तर मी माझी पदवी परत करतो," ते म्हणाले.

हे सारे फोटोंसह, ताब्याची तारीख घालून रजिस्टर पोस्टाने बिल्डरला कळवले. खालच्या गृहस्थांना मी आधीच बोलावून पाणी दाखवले होते. पत्रावर त्यांचीही सही होती. तीस दिवसांत काम न झाल्यास महारेराकडे जाऊ, हेही लिहिले. तक्रारीचे शुल्क पाच हजार. ते मी पाकिटात घालून देवघरात ठेवले होते.

सव्विसाव्या दिवशी गवंडी आले. त्यांच्याबरोबर तोच नम्र मुलगा आणि एक कागद. 'सद्भावना म्हणून' काम करून देत आहोत, यापुढे या फ्लॅटबद्दल कोणतीही तक्रार राहणार नाही, खाली सही. मी चष्मा पुसला आणि सगळा कागद दोनदा वाचला. मुलगा चुळबुळू लागला. शेवटची ओळ खोडून मी लिहिले, 'काम फक्त या बाथरूमच्या गळतीचे. बाकी हक्क कायम.' त्याने फोनवर कोणाला तरी विचारले आणि कागद घेतला.

टाइल्स निघाल्या तेव्हा दिसले, की जमीन आणि भिंत मिळतात त्या कोपऱ्यात गवंडी ज्याला वाटा म्हणतात तो सिमेंटचा गोल काठ दिलेलाच नव्हता. वॉटरप्रूफिंग कोपऱ्याच्या आधीच थांबले होते. खालचे गृहस्थ हे पाहायला मुद्दाम वर आले आणि चहा घेऊन गेले.

दांडाही त्या कामात निघाला. तो परत बसवायला मी या वेळी बिल्डरची लेखी परवानगी मागितली आहे. दोन स्मरणपत्रे झाली, उत्तर नाही. तोवर आई सुनेचा हात धरून आंघोळीला जाते आणि रोज विचारते, "अरे, एस.टी. कधी सुटायची?"