भेट आलेले जुने नाणे

दिल्लीकरांना हिंदूराव हे नाव ठाऊक आहे ते टेकडीवरील रुग्णालयामुळे. हिंदूराव घाटगे हे बायजाबाई शिंदे यांचे बंधू. १८३५ साली विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा खून झाला आणि त्याची तेथील हवेली पुढे हिंदूरावांनी विकत घेतली. योगायोग असा की, त्याच १८३५ साली कंपनी सरकारने आपल्या साऱ्या मुलखासाठी एकसारखा रुपया पाडला. तोवर कंपनीचे रुपयेसुद्धा शहाआलम बादशहाच्या नावाने निघत; बादशहा १८०६ साली निवर्तला होता, तरीही.

हा इतिहास सांगण्याचे कारण आहे. लग्नमुंजीत किंवा निरोपसमारंभात जुने नाणे भेट देण्याची हौस हल्ली फार वाढली आहे. भेट घेणारा ते देवघरात ठेवतो, आणि कोणी शंका काढली की दोन घरांत वितुष्ट येते. वस्तुतः पुष्कळदा नाणे स्वतःच आपली साक्ष देत असते.

एका बाजूस रामपंचायतन, दुसरीस कंपनीचे नाव आणि १८१८ हा सन, असे पितळी किंवा तांब्याचे नाणे आपण पाहिले असेल. त्यात दैवी शक्ती असल्याची बतावणी करून लोकांना लुबाडणारेही आहेत. कंपनीने रामपंचायतनाचे असे नाणे कधीच पाडले नाही. ती यात्रेतील वस्तू होय. श्रद्धेने पुजावी, परंतु तिला नाणे म्हणू नये.

शिवरायांच्या नाण्याचेही तसेच. खऱ्या होनावर वा शिवराईवर महाराजांची छबी नसते. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसरीस ‘छत्रपति’ एवढीच अक्षरे. ठसा तांब्याच्या चकतीहून मोठा असल्यामुळे एखादे अक्षर काठावर तुटतेच. सारी अक्षरे मधोमध, रेखीव बसलेली दिसली तर आनंदाआधी संशय यावा. छबी असलेले अस्सल नाणेही आहे, पण ते भारत सरकारने १९९९ साली काढलेले दोन रुपयांचे.

आता वजन. १८३५ चा रुपया बरोबर एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. सराफाच्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणावा व नाणे दोऱ्याने बांधून, तळाला न टेकता, पाण्यात बुडवावे. चांदीचा रुपया असेल तर काटा सुमारे १.१३ ग्रॅम दाखवील. पितळेचा, तेवढ्याच वजनाचा असेल तर १.३७ च्या आसपास. रंग फसवतो, मुलामाही फसवतो. पाणी सहसा फसत नाही.

मग भिंग घ्यावे. ओतीव नकलेच्या काठावर साच्याची शिवण असते, पृष्ठावर बारीक छिद्रे दिसतात आणि अक्षरे साबण झिजल्यासारखी सर्वत्र सारखीच बोथट असतात. ठशाचे नाणे उंचवट्यावर झिजते, खोलगट भागात धार टिकते. एकाच चऱ्याची दोन नाणी सापडली तर ती एकाच साच्याची भावंडे समजावी. अर्थात नवे ठसे पाडून केलेल्या नकलाही आहेत. तेथे जाणकारच हवा. नाशिकजवळ अंजनेरीस नाणकशास्त्राची संशोधनसंस्था आहे. एक मात्र करू नये: चिंच लावून नाणे घासू नये. त्यावरची काळपट साय हाच त्याच्या वयाचा दाखला. आमच्या घराघरांतील स्वच्छतेने जितकी नाणी विद्रूप केली तितकी चोरांनीही केली नसतील.

परदेशस्थ आप्तांना नाणे देणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यान्वये शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू ठरते व ते खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. शोभेची नक्कल नेता येते; अडवणूक होऊ नये म्हणून पुरातत्त्व खात्याकडून ‘ही पुरावस्तू नव्हे’ असा दाखला मिळतो. येथे खऱ्याचाच अडसर होतो आणि खोटे सुखाने विमानात बसते.