प्रीमियर पद्मिनीचे घरगुती जतन व पुनरुज्जीवन

प्रीमियर पद्मिनी ही मुंबईतील कुर्ला येथे तयार होणारी चारचाकी मोटार होती. तिचे उत्पादन थांबल्यानंतर उरलेल्या गाड्या चालू स्थितीत ठेवण्याचे काम प्रामुख्याने त्यांचे मालक आणि जुने मेस्त्री यांच्याकडे आले. गाडीची रचना साधी असून तिच्यात इलेक्ट्रॉनिक नियंत्रणे नाहीत. त्यामुळे मोजकी अवजारे आणि पुरेसा संयम असणाऱ्या व्यक्तीला तिची बरीचशी देखभाल घरच्या घरी करता येते.

पार्श्वभूमी

इटलीतील फियाट कंपनीच्या ११०० डी या मोटारीवर ही गाडी आधारलेली आहे. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीने ती १९६४ साली 'फियाट ११०० डिलाइट' या नावाने भारतात आणली. पुढे तिला 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून चितोडच्या राणीवरून 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळाले. लोकांच्या तोंडी मात्र ती अखेरपर्यंत 'फियाट'च राहिली. तिच्या आधीच्या, १९५०च्या दशकातील गोलसर बांध्याच्या मॉडेलला महाराष्ट्रात 'डुक्कर फियाट' म्हणत.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची ओळख याच गाडीशी जोडली गेली. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव येथील परिवहन कार्यालयात झाली होती. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही टॅक्सी रस्त्यावरून कायमची गेली. आता ही गाडी दिसते ती खासगी मालकांकडेच.

जतन की पुनरुज्जीवन

जतन म्हणजे मूळ रंग, बैठक, पत्रा व यंत्रभाग शक्य तितके तसेच ठेवून झीज थांबवणे. पुनरुज्जीवन म्हणजे गाडी सुटी करून तिला कारखान्यातून निघाली त्या वेळच्या रूपात आणणे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे 'फिव्हा'ने, २०१२ साली स्वीकारलेल्या तुरिन सनदेत मूळ अवशेष टिकवण्यावर भर दिलेला आहे. व्यवहारात याच्या उलट घडते. उत्साहाच्या भरात आधी रंग काढला जातो, सुटे भाग खोक्यांत भरले जातात आणि गाडी वर्षानुवर्षे तशीच पडून राहते. मूळ रंग एकदा खरवडला की तो परत मिळत नाही. म्हणून काहीही सोडण्यापूर्वी प्रत्येक भागाचे छायाचित्र काढणे आणि स्क्रू-बोल्ट चिठ्ठी लावून वेगळे ठेवणे हे पहिले काम समजावे.

पत्रा व गंज

पद्मिनीला वेगळी चासी नाही. पत्र्याचा सांगाडाच सर्व भार पेलतो. त्यामुळे दाराखालची पट्टी, तळाचा पत्रा आणि मागील पाट्यांच्या बैठकीची जागा यांना लागलेला गंज केवळ दिसण्यापुरता प्रश्न नसतो. मुंबई व कोकणच्या खारट, दमट हवेत गंज आतून सुरू होतो आणि बाहेरचा रंग फुगेपर्यंत कळत नाही. पायाखालची रबरी चटई उचलून स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने पत्रा दाबून पाहावा. टोक आत गेले, तर तेवढा भाग कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागतो. गंजावर पुटी भरून वर रंग मारणे ही सर्वांत प्रचलित आणि सर्वांत महागात पडणारी पळवाट आहे. वेल्डिंग घरी करू नये; ते जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे.

इंजिन

१०८९ घनसेंटिमीटरच्या चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे आहे. हे दोन धातू तापल्यावर सारखे प्रसरण पावत नाहीत. इंजिन एकदा जरी फार तापले, तरी हेड वाकून गॅस्केट जाण्याची शक्यता असते. हेडचे नट टॉर्क पान्याने, मधून बाहेर या क्रमाने टप्प्याटप्प्याने आवळावेत. रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी भरल्यास क्षार साचून मार्ग अरुंद होतात. कूलंट वापरणे हिताचे.

बरीच वर्षे बंद असलेली गाडी थेट स्टार्टर मारून सुरू करू नये. जुने पेट्रोल व ऑइल काढून टाकावे, प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडावे आणि एक दिवसानंतर इंजिन हाताने फिरवून पाहावे. ते मोकळे फिरले तरच पुढे जावे. नियमित कामांत सीबी पॉइंट घासून फिलर गेजने अंतर लावणे, टॅपेट सेटिंग करणे, कार्बोरेटर स्वच्छ ठेवणे आणि स्टिअरिंगच्या सांध्यांना ग्रीस देणे ही कामे येतात. सध्याच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतील पाणी शोषते आणि जुन्या रबरी नळ्या खराब करते. पेट्रोलची नळी फुटून तापल्या इंजिनावर गळली तर आग लागू शकते, म्हणून या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या प्रकारच्या बसवाव्यात.

ब्रेक व सुरक्षितता

चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. जुन्या गाड्यांत ब्रेक ऑइलचा मार्ग एकच असल्याने एक नळी वा एका चाकाचा सिलिंडर गळला, तरी पायाचा ब्रेक पूर्ण निकामी होऊ शकतो. गाडी सुरू होण्याआधी ती थांबेल याची खात्री करावी, हा क्रम अनेक हौशी मालक उलटा करतात. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ड्रममधील धूळ हवेच्या फवाऱ्याने उडवू नये. ती ओल्या फडक्याने पुसावी. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. पक्के स्टँड लावावेत.

सुटे भाग

मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड व चोर बाजार, तर पुण्यात नाना पेठ ही शोधाची ठिकाणे आहेत. यंत्रभागांपेक्षा दिवे, क्रोमच्या पट्ट्या, हँडल असे बाहेरचे भाग अधिक अवघड मिळतात. म्हणून मोडका मूळ भागही टाकून देऊ नये. नवा घडवताना तो नमुना म्हणून लागतो.

नोंदणी

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे टिकते. त्यानंतर तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवली जाते. केंद्र सरकारच्या २०२१च्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुने आणि मूळ रूपात असलेले वाहन 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. त्याच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे असतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षांसाठी असते. नूतनीकरणास ५,००० रुपये लागतात. असे वाहन रोजच्या वा व्यावसायिक वापरात आणता येत नाही. चासी, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेले वाहन या वर्गात बसत नाही. त्यामुळे सोयीसाठी दुसऱ्या गाडीचे इंजिन बसवलेली पद्मिनी या नोंदणीस मुकते.