चुका करायची हक्काची खोली

बारामतीच्या एमआयडीसीलगतच्या धावपट्टीवर सकाळी लवकर वर्दळ सुरू होते. उन्हं चढली, माळ तापला की खालून हवेचे झोत उठतात आणि हलकं विमान हिसके खाऊ लागतं. म्हणून नवख्यांना सकाळची वेळ. कार्व्हर एव्हिएशन, रेडबर्ड अशा वैमानिक प्रशिक्षण संस्थांमुळे ऊस आणि दुधाच्या या तालुक्यात देशभरातली मुलंमुली खोल्या घेऊन राहतात आणि दोन-चार आसनांच्या विमानांत शिकतात. उड्डाण, वळण, धावपट्टीला समांतर एक फेरी, पुन्हा वळण, उतरणं आणि चाकं टेकताच परत उड्डाण: हे ‘सर्किट’ गावकऱ्यांनाही आता सवयीचं झालं आहे.

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला वय किमान १८ लागतं. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं, वर्ग एकची वैद्यकीय तपासणी पार पडायला हवी. हवाई नियम, दिशादर्शन, हवामान आणि विमानाचं तंत्र यांच्या परीक्षा, रेडिओवर बोलण्याचा वेगळा परवाना आणि २०० तासांचं उड्डाण. त्यातले १०० तास विमानाची सूत्रं विद्यार्थ्याने स्वतः सांभाळलेली असावी लागतात. या सगळ्याचा खर्च लाखांच्या घरात, बहुतेकदा अर्ध्या कोटीच्या आसपास जातो. मुलगी वैमानिक व्हायचं म्हणते तेव्हा घरात आधी जमिनीचा आणि कर्जाचा विषय निघतो, तो यामुळेच.

या वाटेवरचं एक यंत्र मात्र जमीन सोडतच नाही: सिम्युलेटर. त्याचा जन्म वाद्यांच्या कारखान्यात झाला. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन इथे एडविन लिंक यांच्या वडिलांचा ऑर्गन बनवण्याचा व्यवसाय होता. ज्या भात्यांतून ऑर्गनचा सूर निघतो, तेच भाते लिंक यांनी एका छोट्या लाकडी विमानाखाली बसवले आणि १९२९मध्ये ते डुलवून, झुकवून, वळवून दाखवलं. संगीत नाटकांमुळे ऑर्गनचा भाता मराठी माणसाच्या ओळखीचा. वैमानिक घडवण्यातही त्याचा वाटा आहे, हे फारसं कोणी सांगत नाही. सुरुवातीला जत्रेतलं खेळणं म्हणूनच लोकांनी त्याकडे पाहिलं. १९३४मध्ये अमेरिकी लष्कराकडे टपाल वाहतूक आली, खराब हवेत वैमानिकांचे बळी गेले, आणि मग लष्कराने हे यंत्र विकत घेतलं. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्यात बसून शिकले.

ते वैमानिक का गेले, याचं उत्तर आपल्या कानात आहे. तोल सांभाळणारा आतला कान ढगात फसतो. विमान एकाच गतीने वळत राहिलं की काही सेकंदांत शरीराला ते सरळ जातंय असं वाटू लागतं. तेव्हा स्वतःच्या शरीरावर अविश्वास दाखवून काट्यांवर विश्वास ठेवावा लागतो. ही सवय उपदेशाने लागत नाही, घोटून घ्यावी लागते. म्हणूनच इन्स्ट्रुमेंट रेटिंगला, म्हणजे केवळ काट्यांवर उडण्याच्या पात्रतेला, लागणाऱ्या ४० तासांपैकी २० तासांपर्यंत मान्यताप्राप्त सिम्युलेटरवर करायची मुभा आहे.

आता तिथला एक धडा जवळून पाहू. सेसना १५२ची प्रतिकृती, समोर पडद्यावर शेतं. मागे बसलेले सर काही न बोलता कळ दाबतात. इंजिनचा आवाज बसतो. विद्यार्थिनीचा हात आधी नाक वर ओढायला जातो, कारण खाली जाण्याची भीती उपजत असते. पण तसं केलं तर वेग मरतो आणि विमान कोसळतं. तिने नाक खाली घालून ६० नॉटचा वेग धरायचा. मग शेत निवडायचं: उभा ऊस नको, विजेच्या तारा नकोत, तोडणी झालेलं लांब रान हवं, शक्यतो वाऱ्याच्या तोंडावर. त्यानंतर हात ठरलेल्या क्रमाने फिरतो: कार्ब्युरेटर हीट, इंधनाचा व्हॉल्व्ह, मिक्श्चर, मॅग्नेटो. इंजिन बोललं नाही तर रेडिओवर तीनदा ‘मेडे’ ही संकटाची हाक, आणि टेकण्याआधी दाराची कडी सैल. पहिल्या खेपेला शेत चुकतं. सर चित्र थांबवतात, कुठे उशीर झाला ते दाखवतात आणि पुन्हा त्याच उंचीवर नेऊन सोडतात. आभाळात ही ‘पुन्हा’ची सोय नाही.

हा धडा कल्पनेतला नाही. २५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून निघालेलं एक शिकाऊ विमान इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात कोसळलं. आत एकटी शिकाऊ वैमानिक होती. ती किरकोळ जखमांवर बचावली. ऑक्टोबर २०२३मध्ये बारामतीजवळ चार दिवसांत दोन अपघात झाले आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने संबंधित संस्थेचं प्रशिक्षण काही काळ थांबवलं. विद्यार्थ्याची तयारी आणि विमानाची देखभाल, दोन्ही चोख हवीत. एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही.

परवाना मिळाला तरी एअरबस किंवा बोईंगसाठी टाइप रेटिंग, म्हणजे त्या विशिष्ट विमानाची पात्रता, उरतंच. ते मोठ्या शहरांतल्या ‘लेव्हल डी’ सिम्युलेटरवर होतं. सहा पायांवर डुलणारी ती केबिन उड्डाणाच्या वेळी हळूच मागे कलते, पाठ आसनात दाबली जाते आणि मेंदू वेग वाढला असं समजतो. धावपट्टीवर ऐन वेगात एक इंजिन बंद पडणं, केबिनमध्ये धूर, जमिनीजवळ वाऱ्याने अचानक पालटलेली दिशा, हे सगळं तिथे घडवता येतं. केस पिकलेल्या कॅप्टनलाही तिथे ठरावीक महिन्यांनी परीक्षा द्यावी लागते.

तरीही सिम्युलेटरला मर्यादा आहेत. जीव धोक्यात असल्याची खरी भीती तो देत नाही आणि एकट्याने केलेल्या पहिल्या उड्डाणाची जबाबदारीही नाही. ती बारामतीच्या आभाळातच अंगावर येते. म्हणून पालकांनी संस्था निवडताना चकचकीत गणवेशाच्या फोटोंपेक्षा साधे प्रश्न विचारावेत: विमानं किती आणि त्यातली उडती किती, इन्स्ट्रक्टर किती, देखभाल कोण करतं, सिम्युलेटरला मान्यता आहे का. माझी आणखी एक मागणी आहे. ज्या तालुक्याच्या डोक्यावर ही विमानं रोज घिरट्या घालतात, तिथल्या शाळा-कॉलेजांतल्या मुलांना कर्ज काढण्याआधी काही तास सिम्युलेटरवर बसता आलं पाहिजे. हे काम आपल्याला जमेल का, झेपेल का आणि मुळात आवडेल का, हे त्यांना जमिनीवरच आणि कमी खर्चात कळेल. ज्यांना ते आवडेल, त्यांच्यासाठी धावपट्टी गावातच आहे.