ल्युब्लियाना : राज्याआधी बांधलेली राजधानी

युरोपला जाऊन आलेल्या मंडळींची आता आपल्या गावात वाण राहिलेली नाही. पण त्यांचा मार्ग बहुधा ठरीव असतो. लंडन, पॅरिस, रोम, फार तर व्हिएन्ना. या मार्गावर व्हेनिस आणि ब्लेडचे सरोवर यांच्यामध्ये ल्युब्लियाना नावाचे एक शहर लागते. स्लोव्हेनिया या देशाची ही राजधानी. सहलीच्या पत्रकात तिला तीन तास दिलेले असतात. तेवढ्या वेळात एक नदी, टेकडीवरचा एक किल्ला आणि पुलाच्या टोकांवर बसलेले चार हिरवे ड्रॅगन पाहून होतात, छायाचित्रे निघतात आणि मंडळी ‘गाव टुमदार आहे’ असा शेरा मारून मोटारीत बसतात. पहिल्या खेपेस आम्हीही याहून निराळे काही केले नव्हते, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. दुसऱ्या खेपेस चार दिवस राहिलो, तेव्हा कोठे या टुमदारपणाच्या मागे काय आहे ते थोडेफार उमगले.

प्रथम आकार ध्यानात घ्यावा. साऱ्या स्लोव्हेनियाचे क्षेत्रफळ सुमारे 20,000 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यापेक्षा थोडेसेच जास्त. लोकसंख्या सुमारे 21 लाख. त्यांपैकी तीन लाखांच्या आतबाहेर लोक राजधानीत राहतात. हा देश स्वतंत्र झाला 25 जून 1991 रोजी. त्यापूर्वी तो युगोस्लाव्हियाचा एक घटक होता, आणि 1918 पूर्वी सुमारे सहाशे वर्षे हा मुलूख हाब्सबुर्ग घराण्याच्या अमलाखाली होता. मध्ये 1809 ते 1813 एवढा काळ नेपोलियनने याच शहराला आपल्या इलिरियन प्रांतांचे मुख्य ठाणे केले होते, तेवढाच काय तो अपवाद. तात्पर्य, येथे स्वतःचा राजा कधी नव्हता. मग ज्या गावाला राजा नाही, त्याच्या चौकात पुतळे कोणाचे उभे राहणार?

याचे उत्तर रेल्वे स्थानकातून बाहेर पडताच मिळू लागते. स्थानकापासून गावाच्या मध्यभागी जाणाऱ्या रस्त्याला मिक्लोशिच याचे नाव आहे. हा सेनापती नव्हे की प्रधानही नव्हे. हा व्याकरणकार. स्लाव्ह भाषांचे तौलनिक व्याकरण त्याने व्हिएन्नाच्या विद्यापीठात बसून लिहिले. युरोपात भटकणाऱ्या रोमा लोकांच्या बोलींचा त्याने केलेला अभ्यास तर आपल्याला जवळचाच वाटावा, कारण त्या बोलींचे मूळ हिंदुस्थानात आहे. रस्त्यालगतच्या बागेत पूर्वी सम्राट फ्रान्झ योझेफचे स्मारक होते. साम्राज्य गेले, सम्राटाला खाली उतरवले आणि त्या जागी हे व्याकरणकार विराजमान झाले. सम्राटाच्या जागी वैयाकरण बसल्याचे दुसरे उदाहरण आमच्या तरी पाहण्यात नाही.

पुढे दहा मिनिटांत मुख्य चौक येतो. तेथे उभा आहे फ्रान्से प्रेशेरेन, कवी. जन्म 1800, मृत्यू 1849. व्यवसायाने वकील, पण स्वतःची वकिली थाटण्याची परवानगी मिळेपर्यंत बिचाऱ्याच्या आयुष्याची शेवटची तीनच वर्षे उरली होती. त्या काळी सुशिक्षितांची भाषा जर्मन. स्लोव्हेन ही शेतकऱ्यांची आणि मोलकरणींची बोली, असाच भल्याभल्यांचा समज. त्या बोलीत याने सुनीते लिहिली. पुतळा 1905 सालचा. कवीच्या डोक्यावर काव्यदेवता आहे आणि तिच्या अंगावर वस्त्र अगदी बेताचे. समोरच फ्रान्सिस्कन चर्च असल्यामुळे त्या वेळी मोठे वादळ उठले होते. कवीची नजर पलीकडच्या रस्त्यावरील एका घराच्या भिंतीकडे लागलेली आहे. तेथे युलिया प्रिमित्स हिची शिल्पमूर्ती खिडकीतून डोकावते. हिने त्याच्या प्रेमाला दाद दिली नाही. त्याच्याच एका कवितेचे एक कडवे आज देशाचे राष्ट्रगीत आहे, आणि 8 फेब्रुवारी या त्याच्या मृत्युदिनी देशभर सुटी असते.

भाषेचे हे एवढे स्तोम कशासाठी, असे कोणी विचारील. आम्ही उभयता नदीकाठच्या एका उपाहारगृहात बसलो होतो. ‘दोबेर दान’ एवढा नमस्कार पाठ करून गेलो होतो, तो म्हटला. वाढपी खूश झाला आणि आपल्याच भाषेत म्हणाला, ‘काय बोस्ता पिला?’ आम्ही चमकलो. हे तर मराठी! अर्थही तोच, म्हणजे काय पिणार? दोन्ही भाषांतला ‘काय’ निरनिराळ्या वाटांनी आला असला तरी मुळातला प्रश्नार्थक ‘क’ एकच. आणि ‘पिणे’ हा धातू तर उघडच सख्खा. पण खरी गंमत ‘बोस्ता’मध्ये आहे. हे द्विवचन आहे. आम्ही दोघे होतो म्हणून त्याने ‘बोस्ता’ म्हटले. तिघे असतो तर रूप बदलले असते. शाळेत रामः, रामौ, रामाः घोकताना ज्या द्विवचनाने आपल्याला छळले, ते मराठीने केव्हाच टाकून दिले, आणि युरोपातल्या बहुतेक भाषांनीही टाकले. स्लोव्हेनमध्ये मात्र ते रोजच्या बोलण्यात जिवंत आहे. एक घर ‘हिशा’, दोन घरे ‘हिशि’, त्याहून अधिक ‘हिशे’. नवराबायकोने आपसांत ‘चल, जाऊ’ म्हणताना वापरायचे रूप वेगळे आणि चारचौघांना बोलावताना वापरायचे वेगळे! सैन्य नाही, खजिना नाही, राजवंश नाही. शेकडो वर्षे या लोकांजवळ आपली म्हणावी अशी एवढीच चीज होती. भाषेसाठी राज्य मागणे म्हणजे काय, हे 1960 पाहिलेल्या महाराष्ट्राला निराळे समजावून सांगायला नको.

परंतु भाषा कानांनी कळते. तीन तासांच्या पाहुण्याला ती कशी दिसणार? ती दिसावी अशी सोय एका माणसाने करून ठेवली आहे. त्याचे नाव योझे प्लेच्निक, वास्तुशिल्पी, 1872 ते 1957. जन्म याच गावचा. 1895 च्या ईस्टरच्या रात्री मोठा भूकंप होऊन गावाची पडझड झाली, तेव्हा तो व्हिएन्नात शिकत होता. पुढे प्राग येथील राजवाड्याच्या नूतनीकरणाचे काम अध्यक्ष मासारिक यांनी त्याच्यावर सोपवले. असा नावाजलेला माणूस 1921 साली गावात नुकत्याच निघालेल्या विद्यापीठात शिकवायला परत आला. त्या वेळी ल्युब्लियाना ही कशाचीच राजधानी नव्हती. सत्ता दूर बेलग्रेडला. पैसा तर नव्हताच. प्लेच्निकने मात्र ठरवले, की राजधानी व्हायची तेव्हा होवो, आपण आधी बांधून ठेवावी.

त्याची रीत पाहण्यासारखी आहे. चौकातून नदी ओलांडायला 1842 चा एक दगडी पूल होता, रहदारीला अपुरा. दुसरा कोणी असता तर तो पाडून रुंद पूल बांधता. याने जुना पूल तसाच ठेवला आणि त्याच्या दोन्ही अंगांना पायी चालणाऱ्यांसाठी एकेक पूल, हाताचा पंजा पसरावा तसा, तिरपा जोडला. 1932 पासून हा ‘त्रोमोस्तोव्ये’, म्हणजे तीन पूल, गावाची ओळख होऊन बसला आहे. पुढे नदीकाठाने भाजीबाजाराची खांबांची लांब ओवरी केली, तीही त्याचीच. पैसा कमी पडला की साधने हलकी घ्यावीत, पण प्रमाण हलके होऊ देऊ नये, हा त्याचा बाणा. गावाबाहेरच्या दलदलीत त्याने एक चर्च बांधले, त्याचे खांब सांडपाण्याच्या काँक्रीट नळांचे आहेत. सांगितल्याशिवाय ओळखू येत नाहीत.

प्रवाशाजवळ एकच सकाळ असेल तर ती राष्ट्रीय ग्रंथालयाला द्यावी, असे आमचे मत. हे 1936 ते 1941 मध्ये बांधले. भूकंपात मोडलेल्या एका सरदारी वाड्याच्या जागेवर ते उभे आहे. बाहेरून विटांच्या भिंतीत खडबडीत दगड जागजागी पुढे आलेले. जणू जुन्या वाड्याचे अवशेष नव्या भिंतीत जिरवले आहेत. दाराच्या मुठी कांस्याच्या, घोड्याच्या तोंडाच्या. आत शिरताच काळोख. काळसर दगडाचे 32 खांब आणि त्यांच्यामधून वर चढणारा रुंद जिना. पायरी चढावी तसा उजेड वाढतो आणि वर वाचनालयाच्या उंच खिडक्या दिसतात. अज्ञानातून ज्ञानाकडे, हा अर्थ त्यात अभिप्रेत आहेच. पण तो कोणी न सांगताही गुडघ्यांना कळतो. जानेवारी 1944 मध्ये एक जर्मन टपाल-विमान याच वाचनालयावर कोसळले आणि हजारो ग्रंथ जळाले. छप्पर पुन्हा घातले, ग्रंथ पुन्हा जमवले.

प्लेच्निकची एक इमारत मात्र कोणालाच पाहता येत नाही. 1947 मध्ये त्याने संसदेचा आराखडा काढला, उंच शंकूच्या छताचा. ती बांधली गेली नाही. संसद आज एका साध्या चौकोनी इमारतीत भरते. पण 2007 साली देशाने युरो हे नाणे स्वीकारले, तेव्हा दहा सेंटच्या नाण्यावर चित्र आले ते याच न बांधलेल्या संसदेचे. दोन युरोवर प्रेशेरेन आहे, आणि एक युरोवर त्रुबार, म्हणजे 1550 साली स्लोव्हेनमधले पहिले पुस्तक छापणारा. भाजीवालीने परत दिलेली मोड एकदा तळहातावर पसरून पाहावी. 2021 मध्ये प्लेच्निकच्या येथील कामांना युनेस्कोच्या वारसा-यादीत स्थान मिळाले.

व्यवहाराचे चार शब्द. गावाचा मध्यभाग 2007 पासून टप्प्याटप्प्याने मोटारींना बंद झाला आहे, तेव्हा चांगले जोडे हीच मुख्य तयारी. रविवारी दुकाने बहुतेक बंद असतात. शाकाहाऱ्याने भाजीबाजाराच्या आसपास श्त्रुक्ली मागावे. पिठाच्या पोळीत चीज वगैरे भरून गुंडाळतात आणि उकडतात, आपल्या वड्यांच्या उंड्यासारखे. किल्ल्यावर पायी जावे, येताना हवे तर दोरीच्या गाडीने उतरावे. शहर-संग्रहालयातले लाकडी चाक चुकवू नये. ते 2002 मध्ये जवळच्या दलदलीत सापडले आणि सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचे आहे. एवढे जुने, आसासकट मिळालेले लाकडी चाक जगात विरळाच. उन्हाळ्यात मात्र गर्दी फार, आणि जुन्या वस्तीतली घरे एकेक करून पाहुण्यांना भाड्याने जाऊ लागल्याने मूळ रहिवासी कुरकुरतात. त्यात त्यांचे चूक आहे असे आम्हाला वाटत नाही. मे किंवा सप्टेंबर बरा.

शेवटचा दिवस आम्ही पुतळ्यांपासून लांब काढला. दुसऱ्या महायुद्धात हे शहर इटलीच्या ताब्यात गेले होते. प्रतिकार थांबेना, म्हणून फेब्रुवारी 1942 मध्ये इटालियन सैन्याने अख्ख्या शहराभोवती काटेरी तारेचे कुंपण घातले. पुढे जर्मन आले, कुंपण राहिले. मे 1945 पर्यंत, तीन वर्षांहून अधिक काळ, गावात यायला-जायला पहाऱ्यातली ठरावीक नाकी तेवढी होती. पलीकडे देशाच्या उत्तर भागात जर्मनांनी शाळांतून स्लोव्हेन भाषाच हद्दपार केली होती. युद्ध संपल्यावर तार निघाली. जेथून ती गेली होती तेथे आता सुमारे 34 किलोमीटरची खडीची पायवाट आहे, दुतर्फा झाडे लावलेली. दर वर्षी मे महिन्यात सारे गाव ती चालते. आम्हाला सगळी झेपणारी नव्हती. सहा-सात किलोमीटर चाललो. शाळा सुटलेली पोरे दप्तरे हलवीत जात होती, एक आजोबा कुत्र्याला फिरवीत होते. ‘दोबेर दान,’ आम्ही म्हटले. त्यांनी टोपीला हात लावला आणि काहीतरी विचारले. सगळे समजले नाही. पण प्रश्न ‘काय’नेच सुरू झाला होता, आणि क्रियापद दोघांसाठीचे होते.