सिंहाला भुवया नसतात

बाहेर चहा घेताना एका गृहस्थांनी मला विचारलं, "म्हणजे कार्टून चांगलं की खरा सिनेमा चांगला, हेच सांगणार ना?" नाही, ती स्पर्धा आज लावायची नाही. मला वेगळा प्रश्न घ्यायचा आहे. डिस्नेच्या जुन्या, हाताने काढलेल्या चित्रपटांचे गेल्या काही वर्षांत 'लाइव्ह अ‍ॅक्शन' अवतार आले. गोष्ट तीच, गाणी बहुतेक तीच. मग काही ठिकाणी आपण हलतो आणि काही ठिकाणी कोरडे राहतो, असं का?

'द लायन किंग' घेऊ. पहिला 1994 चा, रॉजर अ‍ॅलर्स आणि रॉब मिंकॉफ यांचा. दुसरा 2019 चा, जॉन फॅवरो यांचा. मुफासा चेंगराचेंगरीत मरतो तो प्रसंग आठवा. छोटा सिंबा बापाजवळ येतो, हाका मारतो, धक्के देतो. दोन्ही चित्रपटांत तो तसाच आहे. संगीत दोन्हीकडे हान्स झिमर यांचं. तरी 1994 मध्ये थिएटरात नाकं ओढल्याचे आवाज येत होते, आणि 2019 मध्ये, निदान मी बसलो होतो तिथे, लोक शांतपणे पॉपकॉर्न खात होते.

कारण अगदी साधं आहे. सिंहाला भुवया नसतात.

हसू नका. चित्रातल्या सिंबाला भुवया दिल्या होत्या. कपाळावरची कातडी दुमडत होती, ओठांचे कोपरे माणसासारखे खाली येत होते. चित्रकारांना सिंह माहीत नव्हता असं नाही. अभ्यासासाठी स्टुडिओत जिवंत सिंह आणला होता, त्याच्यासमोर बसून त्यांनी स्केचेस केली. सिंह कसा दिसतो हे नीट शिकून घेतलं आणि मग ठरवून त्यातलं काही सोडलं. चेहरा निम्मा सिंहाचा ठेवला, निम्मा आपला केला. आपण रडलो ते त्या आपल्या निम्म्यासाठी.

2019 मध्ये तो निम्मा भाग काढून टाकला. का? तर सिंह 'खरा' दिसला पाहिजे. आणि खरा दिसतोच, त्यात शंका नाही. पण खऱ्या सिंहाचा चेहरा दुःखात आणि जांभई देऊन झाल्यावर जवळजवळ सारखाच दिसतो. त्यामुळे आवाजात हुंदका आणि चेहऱ्यावर काहीच नाही, अशी विचित्र फारकत होते. कान सांगतात एक, डोळे सांगतात दुसरं.

स्कारचं तेच. चित्रातला स्कार काळ्या आयाळीचा, हिरव्या डोळ्यांचा. चालतो ते एखाद्या जुन्या नाटकातल्या खलनायकासारखं. त्याच्या गाण्यात सगळी गुहा हिरवी होते, तरस संचलन करत जातात. नव्या चित्रपटात ते गाणं कापून छोटं केलं, बरंचसं बोलून टाकलं. करणार काय? खऱ्या तरसांना संचलन करायला लावलं तर ती सर्कस वाटेल.

इथे एक गंमत सांगतो. 2019 चा हा चित्रपट 'लाइव्ह अ‍ॅक्शन' नाहीच! कॅमेऱ्याने प्रत्यक्ष टिपलेला त्यात एकच शॉट आहे, अगदी सुरुवातीचा सूर्योदय. हे फॅवरो यांनीच नंतर सांगितलं. बाकी सगळं संगणकात बनलेलं. गोल्डन ग्लोबला त्याला नामांकन मिळालं ते अ‍ॅनिमेशनपटाचं, ऑस्करला व्हिज्युअल इफेक्ट्सचं. म्हणजे आपण तुलना करतोय ती अ‍ॅनिमेशनची अ‍ॅनिमेशनशीच. एक चित्रासारखं दिसायला लाजत नाही, दुसरं लाजतं.

आता 'जंगल बुक'कडे येऊ, कारण ते आपल्या जवळचं. सिवनीचं जंगल नागपूरहून काही तासांवर. तुमच्यातल्या चाळिशी ओलांडलेल्यांना रविवारचा मोगली आठवत असेल. ती मालिका जपानी, आपण हिंदीत ऐकली, आणि शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा. चित्रातला वाघ नानांच्या आवाजात गुरगुरतोय यात कुणालाही काही खटकलं नाही. रेषा एकदा मान्य केली की आपण पुढचे प्रश्न विचारत नाही.

डिस्नेच्या 1967 च्या चित्रपटात माकडांचा राजा लुई आहे, ओरांगउटान. किपलिंगच्या पुस्तकात माकडांना राजाच नाही, आणि भारतात ओरांगउटान नाहीत. तेव्हा याने कुणाचं फारसं अडलं नाही. 2016 मध्ये फॅवरो यांनीच नवा चित्रपट केला तेव्हा मात्र अडलं. मग लुईचा जायगँटोपिथेकस झाला, म्हणजे आशियात फार पूर्वी नामशेष झालेला महाकाय वानर. बघा, चित्र खऱ्यासारखं केलं की प्राणिशास्त्र दारात येऊन उभं राहतं. (गाणाऱ्या वानराला जीवाश्मांचा दाखला जोडायचा, ही मला तरी मजाच वाटते.)

तरीही 2016 चा 'जंगल बुक' मला 'लायन किंग'पेक्षा पुष्कळ उजवा वाटतो. पडद्यावर एक खरा मुलगा आहे, नील सेठी. जंगल सगळं लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत उभं केलेलं, पण मुलाच्या चेहऱ्यावर भीती उमटते आणि त्याच्याकडे बघून आपण वाघाला घाबरतो. वाघाच्या चेहऱ्याने काही केलं नाही तरी चालतं. भावनेला राहायला घर मिळालं.

केनेथ ब्राना यांची 2015 ची 'सिंड्रेला' याच कारणाने जमली आहे. 1950 च्या चित्रपटात उंदीर आणि मांजर यांच्या पळापळीला केवढा वेळ दिलाय! राजपुत्र मात्र जेमतेम बोलतो. चित्रातल्या उंदरात जीव होता, राजपुत्रात नव्हता. ब्राना यांनी उंदीर गप्प केले आणि राजपुत्र व एला यांची नृत्याच्या आधीच जंगलात भेट घडवली. माणसांचे चेहरे हाताशी आहेत ना, मग काम त्यांना द्या. मुळाशी प्रामाणिक राहायचं म्हणून शॉट उतरवून काढत बसले नाहीत.

एक गोष्ट कलाकारांच्या बाजूने सांगितलीच पाहिजे. फॅवरो यांच्या या दोन्ही चित्रपटांचं मोठं काम एमपीसी या कंपनीने केलं, आणि तिच्या बंगळुरूच्या स्टुडिओतल्या मुलामुलींचा त्यात हात आहे. सिंहाच्या अंगावरचा एकेक केस वाऱ्यावर कसा हलेल, हे कुणीतरी रात्री जागून बसवलेलं असतं. चेहरा कोरा ठेवायचा निर्णय त्यांचा नव्हता. 2025 च्या फेब्रुवारीत तिची मूळ कंपनी टेक्निकलर कोसळली आणि भारतातलेही कितीतरी कलाकार रस्त्यावर आले. आपण मात्र थिएटरातून बाहेर पडताना म्हणतो, "काय, सगळं कॉम्प्युटरने केलंय."

शेवटी श्रोत्यांतून एका ताईंनी विचारलं: "माझी मुलगी आठ वर्षांची आहे. तिला जुना लायन किंग खोटा वाटतो. काय करू?"

ताई, समजवायला जाऊ नका. मुफासाचा तो प्रसंग दोन्ही चित्रपटांतून काढा, आवाज पूर्ण बंद करा आणि तिला एवढंच विचारा की सिंबाला आत्ता काय वाटतंय. दोन्ही वेळा विचारा. ती काय सांगते ते मला कळवा, मलाही ऐकायचंय.